गावाने दिलेले पाच तारे

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी धोंडुबाई घरत यांची पोपटी नकाशावरून गेली.

त्या वेळी धोंडुबाई निडी स्टेशनच्या मागच्या शेतात मडक्यात पाला भरत होत्या. वालाच्या शेंगा नुकत्याच तोडलेल्या होत्या आणि पनवेलहून आलेली दोन कुटुंबे बांधावर चटया टाकून बसली होती. म्हणजे धंदा जागेवर होता. गेली होती ती मोबाइलच्या नकाशावरची त्याची नोंद: लाल टिंब, त्याखाली नाव, फोन नंबर, फोटो आणि तारे. सून भाविकाने आणखी एका गिऱ्हाइकाला पत्ता पाठवण्यासाठी फोन उघडला, तेव्हा तिथे एकच सूचना होती. नोंदीवर संशयास्पद प्रतिक्रिया आढळल्याने ती बंद करण्यात आली आहे.

"आई, आपली नोंद बंद केली."

"कोणी?"

"नकाशावाल्यांनी."

"मंग इस्तव पेटवू का नको?"

"इस्तव पेटवा. माणसं बसलीत ना."

"मंग बंद काय झाला?" असे म्हणून धोंडुबाईंनी मडके उपडे केले आणि त्यावर पेंढा रचायला घेतला.

बंद काय झाले ते त्यांना रात्रीपर्यंत कळले. फोन एकदाही वाजला नाही.

पोपटी हा रायगडातला थंडीचा पदार्थ. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा आणि जाडे मीठ भरायचे, तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती आग लावायची. तेल नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. मडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो चर्र होऊन उडाला, की झाली. हे तालुक्यात कुणालाही येते. धोंडुबाईंचे वेगळेपण एका नियमात होते आणि तो त्यांच्या सासूपासून चालत आलेला होता. शेंगा ज्या शेतात तोडल्या, त्याच शेताच्या बांधाला मडके लावायचे. शेंग टोपलीत बसून फिरली की तिच्यातला ओलावा जातो, आणि पोपटीत शेंग शिजते ती त्या ओलाव्यावरच. त्यामुळे पोपटीची जागा रोज बदलायची. आज स्टेशनमागे, उद्या ओढ्यापलीकडे, परवा जिथे शेंग भरली असेल तिथे. मीठ मात्र एकाच ठिकाणचे, धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरातले. धोंडुबाईंचे माहेर तिकडचे. पाला डोंगराच्या वाडीवरची चिमा आणायची. भांबुर्डीचे कोवळे पान कुठे मिळते हे तिला विचारायचे.

हा सगळा उद्योग अनेक वर्षे गावापुरता होता. तो नकाशावर जायला एक फोटो कारण झाला.

दोन हिवाळ्यांमागे रोहा-कोलाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने धोंडुबाईंना मजुरीवर बोलावले होते. पाहुण्यांसमोर पोपटी लावायची होती. कुणीतरी फोटो काढला. धोंडुबाईंना फोटोचा मनस्वी कंटाळा. लग्नातसुद्धा त्या तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या. त्यांनी पदर ओढून मान वळवली, म्हणून फोटोत आले ते मडके आणि दोन हात. पुढे कधीतरी धोंडुबाईंचा मुलगा प्रणित धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला असताना कॅन्टीनमध्ये एकाने त्याला मोबाइल दाखवला. कुणीही 'पोपटी' असा शोध घेतला की त्या रिसॉर्टचे नाव पहिले यायचे, आणि नावावर तोच फोटो. उजव्या मनगटावर तुळशीचे गोंदण होते.

"ही तुझी आय ना रं?" त्याने विचारले होते.

प्रणितने घरी येऊन फोटो दाखवला. धोंडुबाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"हात माजे नि नाव त्यांचा," त्या म्हणाल्या.  त्या दिवसापासून त्या रिसॉर्टवर गेल्या नाहीत, आणि कुणी विषय काढला की हेच वाक्य म्हणायच्या. त्यांना काय हवे होते ते त्या वाक्यात पुरते होते. शोधणाऱ्याला त्यांची पोपटी त्यांच्या नावाने सापडावी.

ते काम भाविकाने अंगावर घेतले. भाविका पेणच्या एका गणपती कारखान्यात ऑर्डरींचे काम पाहते. रोज सकाळी निडीहून गाडी पकडते आणि संध्याकाळी परत येते. कारखान्याची नोंद तिनेच केली होती. फोटो टाकणे, वेळा भरणे, प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर देणे तिच्या अंगवळणी पडले होते, आणि कारखान्याला कधी न ऐकलेल्या गावांतून फोन येऊ लागले होते. तिथे ती एक गोष्ट शिकली होती. शोधणारा माणूस दुकानाचे नाव शोधत नाही, वस्तू शोधतो. नाव त्याला दाखवावे लागते.

डिसेंबरात एका रविवारी ती सासूसमोर फोन घेऊन बसली.

"नाव काय टाकू?"

"माजा. पुरा टाक. धोंडुबाई काळुराम घरत यांची पोपटी, निडी."

"प्रकार विचारतायत. हॉटेल, रेस्टॉरंट, खानावळ. पोपटी असं काही त्यांच्याकडे नाही."

"मंग ते काय शिकलं-सवरलं?"

भाविकाने रेस्टॉरंट टाकले. "आता वेळ."

"शेंगा तोडून झाल्या की."

"तसं चालत नाही, आई. तास लागतात."

"मंग लिही, दिस कलला की."

भाविकाने चार ते आठ लिहिले आणि पत्त्याच्या जागी घर टाकले. घरी पोपटी होत नव्हती, पण पत्ता दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. फोटोसाठी धोंडुबाईंनी पुन्हा तोंड फिरवले. नोंदीवर मडके, शेंगा, आग आणि ते हात लागले. दोन वेगळ्या नावांखाली आता तेच गोंदण दिसू लागले.

तरी फोन येऊ लागले. आधी नागोठण्याहून, मग पनवेलहून. पहिली लिहिलेली प्रतिक्रिया डोंबिवलीच्या एका गृहस्थाची होती. त्याने चार तारे दिले होते आणि लिहिले होते: "दिलेल्या पत्त्यावर घराला कुलूप. बांधावरून चालत शेतात जाऊन शोधावे लागले. त्याचा एक तारा कमी. पोपटीला पैकीच्या पैकी. इतकी रसदार शेंग मी खाल्ली नव्हती."

भाविकाच्या मनाला तो एक तारा लागला. धोंडुबाईंनी ती प्रतिक्रिया दोनदा वाचून घेतली. "हा मानूस बराबर बोललाय," त्या म्हणाल्या. "कुलूप व्हताच."

जानेवारीच्या मध्यापर्यंत शोधात त्यांचा क्रमांक तिसरा लागला. पहिले रिसॉर्ट होते. ही बातमी कमळाकर म्हात्रेंच्या कानावर गेली आणि तिथून गोष्ट बिघडली.

कमळाकर म्हात्रे गावकीचे अध्यक्ष. गावकी म्हणजे गावच्या घरांची पंचायत. तिथे पालखीचा मार्ग ठरतो आणि कुणाच्या बांधाचा तंटा मिटतो. कमळाकरभाऊंनी गावदेवीच्या मंडपात बैठक लावली. विषय एकच. आपल्या गावची बाई तिसरी कशी?

"पयला नंबर पायजे," ते म्हणाले. "कबड्डीत आनला, आरासमदी आनला. हितं काय झाला?"

"तारे लागतात, भाऊ," साहिल म्हणाला. हा कॉलेजात जाणारा. "ज्याला जास्त तारे, त्यो वर."

"कोण देतो तारे?"

"कोणी पण. आपन पण."

"मंग बसलाव कशाला?"

ठराव झाला. दर घराने पाच तारे द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. गावदेवीसमोर शब्द दिला गेला आणि तिथल्या तिथे पाळला गेला. मंडपात गावकीने इंटरनेट घेतलेले होते. सगळ्यांनी त्यावरच फोन जोडले. निकेशने स्वतःच्या, बायकोच्या आणि आईच्या फोनवरून दिले. ज्याला लिहिता येईना त्याला शेजाऱ्याने सांगितले, आणि शेजाऱ्याला साहिलने. दिवेलागणीला बसलेली बैठक जेवणाआधी उठली, तोवर नोंदीवर साठाच्या वर प्रतिक्रिया पडल्या होत्या. सगळ्या पाच ताऱ्यांच्या, सगळ्या एकाच मंडपातून.

भाविका त्या संध्याकाळी पेणला अडकली होती. कारखान्यात माघी गणपतीची गडबड होती. गाडीत बसल्यावर तिने फोन पाहिला आणि प्रतिक्रियांच्या वेळा पुन्हा पुन्हा तपासल्या. कारखान्याच्या शेजाऱ्याची नोंद अशीच गेली होती. त्याने पैसे देऊन तारे घेतले होते. इथे कुणी पैसे घेतले नव्हते, पण हे मोजणाऱ्या यंत्राला कोण सांगणार?

शनिवारी नोंद गेली. पुढचा शनिवार-रविवार सव्वीस जानेवारीला जोडून आलेला होता. मोसमातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाची, आणि त्यानंतर वालाला फार दिवस नसतात. शेंग सुकली की पोपटी संपली.

सोमवारी धोंडुबाईंच्या फोनवर रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. नाव मितेश. बोलणे गोड.

"मावशी, ऐकलं तुमचं. वाईट वाटलं. तुम्ही शनिवार-रविवार इकडे या ना. आपल्या पेजवर तुमचं नाव टाकतो. 'धोंडुबाई स्पेशल पोपटी'. सगळ्यात वर दिसेल."

 प्रणित समोर जेवत होता. त्याने घास थांबवला. नाव सगळ्यात वर दिसणार होते. दोन वर्षे हेच तर हवे होते.

"शेंगा कुठल्या?" त्यांनी विचारले.

"शेंगांची काळजी नको, त्या मार्केटमधून येतात."

"कदी तोडलेल्या?"

"ते आता... आदल्या दिवशीच्या असतील."

"मंग माजा नाव नको लावू, बाबा. शेंग शिळी नि नाव ताजा?"

"मावशी, पाहुण्यांना कळत नाही हो."

"मना कळता."

मितेश हसला. धोंडुबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. "फोटोतले माजे हात काडशील का?"

"तो आमचा सगळ्यात चांगला फोटो आहे, मावशी."

"ठाव हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "हात पायजेत तर शेतान या." आणि त्यांनी फोन प्रणितकडे दिला. बंद कसा करायचा ते त्यांना नीट जमत नव्हते.

प्रणित म्हणाला, "आये, नाव तरी लागलं असतं."

"लागलं असतं. मंग तुज्या पोरांना कोनी सांगितला असता, धोंडुबाईची पोपटी खाल्ली, वातड लागली. तवा काय बोलशील?"

प्रणितने घास तोंडात घातला.

भाविकाने त्याच दिवशी नोंदीसाठी दाद मागितली. उत्तर यंत्राचेच आले, पण स्पष्ट होते. खोट्या प्रतिक्रिया काढाव्यात. धंद्याची जागा, कायमची पाटी आणि धंदा चालवणारी व्यक्ती दिसेल असे चित्रण पाठवावे, मध्ये न थांबता केलेले. मगच विचार होईल.

म्हणजे गावाला तारे परत घ्यायला सांगायचे होते.

मंगळवारी पुन्हा मंडपात बैठक बसली. भाविकाने उभे राहून काय घडले ते सांगितले. मागच्या बाजूने कुणीतरी म्हणाले, "म्हंजी आमचंच चुकलं?"

"चुकलं नाही. पण काढावे लागतील."

कमळाकरभाऊंचा चेहरा उतरला होता. आपल्या ठरावाने बाईचे नुकसान झाले हे त्यांना दोन दिवस खात होते. पण ही मागणी त्यांना झेपेना. "पोरी, देवीच्या दारान दिलेला शबूद हाय. या गावात तो कोनी मागं घेतला नाय. बांधाच्या तंट्यात माजा सख्खा भाऊ हरला, पन शबूद मागं घेतला नाय. उद्या कोनी बोलला, निडीवाल्यांनी तारे दिले नि काडून घेतले, तं?"

माना डोलल्या. गोष्ट खरी होती. निडीच्या गावकीत तोंडी शब्दावर जमिनी सुटल्या होत्या.

धोंडुबाई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"भाविका, वाच गो. काय काय लिवलंय ते वाच."

"सगळं?"

"सगला."

नोंद बाहेर दिसत नव्हती, पण भाविकाच्या खात्यात प्रतिक्रिया होत्या. ती वाचू लागली. पहिल्या चार-पाच सारख्याच होत्या: एक नंबर, तोड नाही, आमच्या गावची शान. मग साहिलची आली.

"पार्किंग प्रशस्त. स्विमिंग पूल स्वच्छ. स्टाफ अत्यंत नम्र."

मंडपात छप्पर उडेल असे हसू फुटले.

"साहिल्या, पूल कुटं हाय रं? आमाला पन दाव!"

"म्हशी डुंबतात त्यो!"

"मी रिसॉर्टच्या पानावरनं कॉपी केला," साहिल मान खाली घालून म्हणाला. "त्यांना तशानं नंबर आला, मना वाटलं..."

"पुढं वाच," धोंडुबाई म्हणाल्या.

"दिनानाथ म्हात्रे. लहानपणापासून खातोय. दर वर्षी पोट भरून खातो. अशी पोपटी जगात नाही."

धोंडुबाईंनी दिनानाथकडे पाहिले. "दिनानाथ भावजी, तुमाला वाल बाधतो ना?"

"व्हय," दिनानाथ म्हणाला.

"कदी खाल्लाव?"

"नाय खाल्लाव. पन वास घेतलाय, वैनी. दर वरसाला."

हसू पुन्हा फुटले. या वेळी त्यात दिनानाथही होता. ते ओसरेपर्यंत धोंडुबाई थांबल्या.

"कमळाकर भावजी," त्या म्हणाल्या, "देवीच्या दारान खरा शबूद दिला तो मागं घ्यायचा नाय. बराबर. पन खोटा दिला त्याचं काय? त्यो तं आदी मागं घ्यायला पायजे. ज्यांनी या सालाला माजी पोपटी खाल्लीय त्यांनी ठेवा. चार वाटले तं चार ठेवा, तीन वाटले तं तीन. ज्यांनी नाय खाल्ली त्यांनी काडा, नि उद्या शेतान या. खावा नि मंग लिवा. घरी बसून लिवा, हितं मंडपान नको."

"आनि ज्याला वाल बाधतो त्यानं?" दिनानाथने विचारले.

"त्यानं रताळा खावा. नि रताळ्याचा लिवावा."

 कमळाकरभाऊंनी खिशातून फोन काढला आणि साहिलपुढे धरला. "माजा काड. मी आवंदा खाल्ली नाय. गुडघा दुखतो म्हनून शेतान गेलो नाय." अध्यक्षांनी काढल्यावर बाकीच्यांचा प्रश्न उरला नाही. फोन हातोहात फिरू लागले. निकेशने आपला ठेवला. तो गेल्याच आठवड्यात दोनदा जेवून गेला होता. बायकोचा आणि आईचा त्याने काढला, आणि बायको म्हणाली, "मना एकदा तरी नेला असता शेतान, तं खरा झाला असता."

साठावरून आकडा विशीच्या आसपास आला. शोधातला क्रमांक नोंद परत आली तर नक्की खाली जाणार होता. भाविकाने ते सांगितले, तेव्हा धोंडुबाई म्हणाल्या, "खाली तं खाली. आपला हाय तो."

राहिले चित्रण. पाटीचा प्रश्न अवघड होता. कमळाकरभाऊंनी गावकीची जागा देऊ केली: मंडपाशेजारी कायमची पाटी लावा, तिथेच मडकी लावा, रंग गावकीच्या खर्चाने. बोलणे मनापासून होते. धोंडुबाईंनी हात जोडले आणि नको म्हटले. मंडपाशेजारी वाल पिकत नव्हता.

"मग पाटी कुठली दाखवू?" भाविका म्हणाली. "शेताला पाटी नसते."

उत्तर तिला बुधवारी सकाळी गाडीची वाट पाहताना सापडले. ते तिच्या डोळ्यांसमोर रोजच होते: पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत, स्टेशनच्या टोकाला. स्टेशनच्या नावाची पाटी. गावातली सगळ्यात कायमची पाटी तीच. तिने पेणला फोन करून सुट्टी घेतली आणि घरी परतली.

शेंग त्या दिवशी स्टेशनमागच्या शेतातच तोडायची होती. नोंदीचा प्रकारही तिने बदलला. दुकान नाही, पत्ता घराचा नाही, ठरल्याप्रमाणे जागेवर सेवा. असा एक पर्याय पहिल्यापासून होता आणि तिने तो डिसेंबरात वाचलाच नव्हता. डोंबिवलीच्या गृहस्थाला तिने तेव्हाच उत्तर लिहिले: चूक आमची होती, आता फोन केला की त्या दिवशीचे शेत सांगू.

दुपार कलल्यावर प्रणित फोन घेऊन स्टेशनच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. चिमा पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन आली होती. मडकी लागली, आग लागली. चित्रण लांबता कामा नये, म्हणून भाविका मडके उघडायच्या वेळेची वाट पाहत होती. एक अडचण उरली होती आणि ती धोंडुबाईंनी स्वतःच सांगितली.

"माजा त्वांड नको घेऊ. हात घे."

"आई, चालवणारी व्यक्ती दिसायला हवी."

"हातान दिसत नाय का? गोंदण हाय."

"हात रिसॉर्टकडे पण आहेत," भाविका म्हणाली. "गोंदण पण आहे. त्यांच्याकडे नाही असं एकच आहे."

धोंडुबाईंनी सुनेकडे पाहिले. चिमा उरलेला पाला आवरता आवरता म्हणाली, "धोंडूबाय, त्वांड लपवाया तू काय चोरी केलीस का?"

"गप गो."

"गप काय? पाला माजा, शेंगा तुज्या, इस्तव तुजा. त्वांड कोनाचा घालायचा? माजा घालू? माजा बरा हाय, घाला!"

धोंडुबाई हसल्या. त्यांनी पदराने कपाळावरचा घाम पुसला. पदर पुन्हा पुढे ओढण्याऐवजी त्यांनी तो कमरेला खोचला.

प्रणितने चालू केले. आधी पिवळी पाटी, निडी. मग कुंपणाच्या कडेची पायवाट, बांध, वालाचे हिरवे वेल, तोडलेल्या देठांची ओळ, आणि धूर. त्याच वेळी रोह्याकडे जाणारी गाडी मागून गेली आणि तिच्या आवाजात काही सेकंद काही ऐकू आले नाही. प्रणित थांबला नाही. चिमाने मडक्यावर हबका मारला. पाणी चर्र झाले. धोंडुबाईंनी फडक्याने मडके उचलून पानांवर रिकामे केले. वाफ वर आली. वाफ विरल्यावर चित्रणात त्या दिसल्या, समोर, मान न वळवता.

"मी धोंडुबाई काळुराम घरत," त्या म्हणाल्या. "माझी पोपटी आहे." एवढे वाक्य त्या सकाळपासून पाठ करत होत्या, शाळेतल्यासारखे. मग राहवले नाही आणि पुढचे त्यांचे त्यांचेच आले. "शेंगा आत्ता तोडल्यात. हा पाला चिमाने आनलाय. मीठ धरमतरचा हाय. हे हात माजे हायेत." उजवा हात त्यांनी फोनपुढे धरला. "आनि त्वांड पन माजाच हाय. कोनाला बघायचा असंल त्यानं बघा."

धूर फोनसमोर आला, म्हणून शेवटचा भाग थोडा अस्पष्ट आहे. पुन्हा काढू या का, असे भाविकाने विचारले. धोंडुबाई नको म्हणाल्या. शेंगा गार होत होत्या.

त्या संध्याकाळी शेतात गावातली पन्नासेक माणसे जेवली. दिनानाथने रताळी खाल्ली. कमळाकरभाऊ गुडघ्याला पट्टा बांधून आले आणि बांधावर बसून त्यांनी शेंगांची साले एका जागी नीट रचून ठेवली. कुणीही तिथे फोन काढला नाही. लिहायचे ते ज्याने त्याने घरी गेल्यावर लिहून ठेवले. नोंद उघडली की टाकायचे. कमळाकरभाऊंनी चार तारे लिहून ठेवले आहेत. का म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, बांधावर बसायला पाट पायजे होता.

चित्रण बुधवारीच पाठवले गेले. गुरुवारी पोच आली. शुक्रवारी संध्याकाळी भाविका पेणहून गाडीत बसली, तेव्हा फोनच्या पडद्यावर तपासणी सुरू असल्याचेच लिहिले होते. 'पोपटी' असा शोध घेतला तर पहिले नाव अजून रिसॉर्टचे येते, आणि त्यावर गोंदणाचा तोच हात. दुपारी डोंबिवलीहून एक फोन आला होता. जुन्याच नंबरावर, नकाशा न बघता. शनिवारी किती वाजता आणि कुठल्या शेतात, एवढेच त्या गृहस्थाने विचारले. धोंडुबाईंनी सांगितले, ओढ्यापलीकडच्या. तिथला वाल अजून हिरवा आहे.